आत्मविश्वास आधी की काम आधी?

बढतीच्या यादीत नाव आलं की ऑफिसात पेढे वाटले जातात. ते वाटून घरी गेल्यावर रात्रभर डोळ्याला डोळा न लागणारी माणसंही काही कमी नसतात. निवड चुकून तर झाली नसेल? साहेबांना आपण खरे कसे आहोत ते अजून कळलेलं नाही, पहिल्याच मीटिंगमध्ये कळेल. वर्ग उत्तम चालवणाऱ्या बाई मुख्याध्यापकपद नको म्हणतात. वॉर्डात उभी हयात काढलेली सिस्टर इन्चार्ज व्हायला कचरते. हिंजवडीतला हुशार प्रोग्रामर टीम लीडचं नाव काढलं की ‘मला कोडिंगच बरं’ म्हणून अंग काढून घेतो.

या सगळ्यांना सल्ला एकच मिळतो: आधी आत्मविश्वास वाढवा, मग पुढचं बघू. तो वाढवून देणारी पुस्तकं, रविवारच्या कार्यशाळा, सकाळी सकाळी मोबाइलवर येणारे सुविचार यांचा आता चांगला बाजार भरला आहे. या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत झालेलं संशोधन आणि आपल्याच मुलखात घडलेल्या काही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, तर या सल्ल्याचा क्रमच उलटा आहे असं माझं मत झालं आहे. माणूस काम करता करता धीट होतो. धीट होण्याची वाट पाहत बसलेला माणूस बहुधा बसूनच राहतो.

संशोधनाची सुरुवात १९७८ सालची. अमेरिकेत अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाशी संबंधित पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवावर एक निबंध लिहिला. या बायकांकडे पदव्या होत्या, मानसन्मान होते, सहकाऱ्यांची शाबासकी होती. तरी आपण हुशार आहोत यावर त्यांचा विश्वास नव्हता. यश मिळालं ते नशिबाने, कुणाच्या तरी चुकीने, नाहीतर समोरच्याला आपण बोलण्यात गुंडाळलं म्हणून. क्लान्सबाईंना हे नवं नव्हतं. विद्यार्थिदशेत परीक्षेच्या धास्तीने त्या स्वतः बेजार झालेल्या होत्या, आणि पुढे ओबर्लिन कॉलेजात शिकवताना उत्तम गुणांच्या मुलींच्या तोंडून तीच भाषा त्यांच्या कानावर आली.

त्यांनी टिपलेलं एक चक्र आजही जसंच्या तसं ओळखू येतं. काम अंगावर आलं की धास्ती वाटते, धास्तीपोटी माणूस गरजेच्या दुप्पट तयारी करतो, काम चांगलं होतं, आणि मग ‘एवढं राबलो म्हणून निभावलं, हुशार असतो तर एवढं राबावं लागलं नसतं’ असा निष्कर्ष निघतो. पुढच्या कामाला धास्ती पुन्हा पहिल्यापासून. यश हाती येतं, पण खात्यावर जमा होत नाही. क्लान्स यांनी १९८५ साली वीस विधानांची एक प्रश्नावली तयार केली. पुढे या अनुभवाला ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ हे नाव चिकटलं आणि तो एखादा आजार असल्यासारखा लोक त्याच्याबद्दल बोलू लागले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत आजार-यादीत मात्र तो नाही.

२०२० साली डेना ब्रवाटा आणि सहकाऱ्यांनी तोवरचे ६२ अभ्यास एकत्र तपासले. त्यात १४ हजारांवर माणसं येत होती. हा अनुभव किती जणांना येतो, या साध्या प्रश्नाचं उत्तर अभ्यासागणिक ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत बदलत होतं. एवढी तफावत असेल तर मोजपट्टीच सैल आहे, हे उघड आहे. हा बायकांचाच प्रश्न, हा समजही टिकला नाही. स्त्री-पुरुष तुलना करणाऱ्या ३३ अभ्यासांपैकी १६ अभ्यासांत स्त्रियांमध्ये तो अधिक आढळला, १७ अभ्यासांत फरक दिसला नाही. मला सगळ्यात बोलका वाटला तो या आढाव्याचा आणखी एक निष्कर्ष: यावरच्या उपचारांची पारख करणारा एकही प्रकाशित अभ्यास त्यांना सापडला नाही. ‘पाच पायऱ्यांत न्यूनगंडावर मात’ हा मजकूर मात्र त्याआधीपासून जोरात खपत होता.

या बाजाराचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘पॉवर पोझ’. अंग ऐसपैस पसरून दोन मिनिटं बसलं किंवा उभं राहिलं की शरीरातले हार्मोन बदलतात आणि माणूस धाडसी होतो, असा निष्कर्ष २०१० साली ४२ जणांवरच्या प्रयोगातून निघाला. प्रयोग करणाऱ्यांपैकी एक, एमी कडी, यांच्या २०१२च्या भाषणाने तो जगभर गेला. मुलाखतीआधी स्वच्छतागृहात जाऊन तसं उभं राहणारे उमेदवार पुण्या-मुंबईतही निघाले. २०१५ साली २०० जणांवर तोच प्रयोग पुन्हा झाला. लोकांना आपण जोरकस आहोत असं वाटलं खरं, पण हार्मोनही बदलले नाहीत आणि वागणंही बदललं नाही. मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी २०१६ साली आपला या परिणामावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. असं जाहीर करायला खरा आत्मविश्वास लागतो, हेही जाता जाता नोंदवायला हवं.

बायका जाहिरातीतल्या सगळ्या अटी पुऱ्या केल्याशिवाय अर्जच करत नाहीत, पुरुष साठ टक्क्यांवर करून टाकतात, हे वाक्यही व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत हमखास येतं. त्याचा अर्थ आत्मविश्वासाचा अभाव असाच लावला जातो. टॅरा मोर यांनी २०१४ साली हजारावर नोकरदारांना अर्ज न करण्याचं कारण थेट विचारलं. ‘मला ते काम जमणार नाही असं वाटलं’ हे कारण देणारे स्त्री-पुरुष दोघांतही अगदी थोडे निघाले. सर्वाधिक जणांनी सांगितलं की अटींत बसत नसल्याने निवड होणार नाही, मग वेळ कशाला घालवायचा. म्हणजे अडचण मनाच्या दुबळेपणाची कमी आणि माहितीची जास्त होती. अटी कितपत पातळ करता येतात हे ज्याला कुणीतरी आतलं सांगतं तो अर्ज करतो. ज्याच्या घरात किंवा ओळखीत असं सांगणारं कुणी नाही, तो छापील अटी खऱ्या मानतो.

इथून चर्चेला वेगळं वळण लागतं. रुचिका तुळशान आणि जोडी-अ‍ॅन बुरी यांनी २०२१ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये उलट सवाल केला: ज्या ठिकाणी तुमचं बोलणं मध्येच तोडलं जातं, तुमच्या कल्पनेचं श्रेय दुसऱ्याला मिळतं, तिथे शंका वाटणं हा तुमचा दोष की त्या ठिकाणाचा? बायकांना दुरुस्त करण्याऐवजी कचेऱ्या दुरुस्त करा, असा त्यांचा रोख होता. मला तो बराचसा पटतो. भारतातला एक प्रयोग त्याला चांगला आधार देतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. मुलांच्या जाती कुणी उच्चारल्या नाहीत तेव्हा ‘वरच्या’ आणि ‘खालच्या’ मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव, गाव आणि जात वाचून दाखवल्यावर मात्र ‘खालच्या’ जातींतल्या मुलांची सुटलेली कोडी लक्षणीयरीत्या कमी झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेला हा निबंध वाचताना मला आपल्या मीटिंगरूम आठवतात. तिथे जात वाचून दाखवत नाहीत. आडनाव, शाळेचं माध्यम आणि इंग्रजीचा सूर या तीन गोष्टी तेच काम गुपचूप करतात. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलेला इंजिनिअर परदेशी क्लायंटच्या कॉलवर गप्प बसतो, कॉल संपल्यावर अचूक उत्तर शेजारच्याला सांगतो, आणि वर्षअखेरीला त्याच्या अप्रेझलमध्ये ‘पुढाकार कमी’ असा शेरा पडतो.

शंका बाहेरून कशी पेरली जाते याचा मराठीतला सगळ्यात तपशीलवार दस्तऐवज रमाबाई रानडे यांनी १९१० साली लिहून ठेवला. अकराव्या वर्षी, १८७३ साली, त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवरा शिकवायला बसला, तसा घरातल्या बायकांनी जाच सुरू केला. टोमणे, अबोला, इंग्रजी शिकते म्हणून शिवाशिवीची भाषा. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचताना लक्षात येतं की रमाबाईंना अभ्यासाची भीती फारशी नव्हती. भीती होती ती माजघराची. तरी १८८४ साली पुण्यात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यापुढे मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी त्यांनी इंग्रजी भाषण वाचलं. त्यासाठी आधी धाडसी स्वभाव कमवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हातात कागद दिला गेला, तयारी करून घेतली गेली, आणि त्या उभ्या राहिल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं करणाऱ्या रमाबाई त्या वेळी आठ वर्षांच्या विधवा होत्या. पाठीशी उभा राहणारा माणूस गेलेला असूनही हाताला लागलेलं काम सुटलं नाही.

आत्मविश्वास कुठून येतो याचा सगळ्यात भक्कम सिद्धांत स्टॅनफर्डच्या अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ साली मांडला. त्यांच्या मते ‘मला हे जमेल’ या भावनेचे चार झरे आहेत: स्वतः करून पाहिलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि धडधड, घाम अशा शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. यांत पहिला सर्वात जोरकस आणि नुसत्या शब्दांनी दिलेला धीर फार टिकणारा नाही. बांदुरांनी हे सापाला घाबरणाऱ्या माणसांवर पडताळून पाहिलं होतं. काहींना दुसऱ्याला अजगर हाताळताना नुसतं बघू दिलं. काहींना जाणत्याच्या सोबतीने टप्प्याटप्प्याने स्वतः हात लावायला लावला. हात लावणाऱ्यांची भीती अधिक गेली. आपल्या कार्यशाळा बहुतेक तिसऱ्या झऱ्यावर, म्हणजे बोलण्यावर चालतात, कारण तो सर्वात स्वस्त पडतो. खरं काम सोपवायचं म्हणजे ते बिघडण्याची जोखीम वरिष्ठाने घ्यायची असते.

या जोखमीची एक गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. म्हसवडमध्ये रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर प्लास्टिक घालण्यासाठी पैसे साठवायचे होते. रक्कम फार किरकोळ म्हणून बँका तिचं खातं उघडेनात. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी मग बायकांचीच सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक सभासदांत निरक्षर बायका होत्या. चेतनाताई हिरमुसून परत आल्या. बायका म्हणाल्या, रडता कशाला, आम्ही शिकतो की. दिवसभर राबून झाल्यावर त्या लिहा-वाचायला बसू लागल्या. काही महिन्यांनी चेतनाताई पुन्हा मुंबईला गेल्या तेव्हा या बायकाही सोबत होत्या. त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं की आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, त्याचा दोष आमच्यावर टाकू नका. कोणत्याही मुद्दलावरचं व्याज आम्हाला काढायला सांगा. नाही आलं तर परवाना देऊ नका. आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता तेच गणित घालून बघा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

ही गोष्ट सांगताना ‘बायकांचा आत्मविश्वास बघा’ असं म्हणून लोक थांबतात. मला त्यातलं व्याज महत्त्वाचं वाटतं. आठवडी बाजारात, उधारीत, सावकाराच्या हिशेबात या बायका वर्षानुवर्षं तोंडी व्याज काढत आल्या होत्या. कागदाने त्यांना जिथे अडाणी ठरवलं होतं त्याच कचेरीत त्यांनी आपलं खरं कौशल्य टेबलावर ठेवलं, आणि तेही घोळक्याने जाऊन. त्यांना स्वतःविषयी छान वाटायला लावणारं कुणी तिथे नव्हतं. तपासा, म्हणण्याइतकं काम त्यांच्या हातात होतं.

तरीही शंका म्हणजे केवळ बाहेरच्यांनी पेरलेलं तण, असं म्हणणं मला भाबडेपणाचं वाटतं. कधी कधी शंका खरं बोलत असते. जस्टिन क्रुगर आणि डेव्हिड डनिंग यांच्या १९९९च्या प्रसिद्ध निबंधात तळच्या गटातल्या विद्यार्थ्यांनी स्वतःला सरासरीच्या बरंच वर धरलं होतं, तर सर्वात हुशार गटाने इतरांच्या तुलनेत स्वतःला थोडं कमी लेखलं होतं. यातला किती भाग मनाचा आणि किती आकडेशास्त्राचा, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण आपल्या कचेरीत कुणाला शंका येत नाही याची यादी मनातल्या मनात केली तर निबंधाची गरज उरत नाही. टोमास चामोरो-प्रेमुझिक यांनी तर २०१३ साली स्पष्टच लिहिलं की आपण ठाम बोलण्याला क्षमता समजतो, म्हणून एवढे अकार्यक्षम पुरुष वर चढतात. एमआयटीतल्या बसिमा ट्यूफिक यांना २०२२च्या अभ्यासात असंही आढळलं की असे शंकेचे विचार येणारी माणसं इतरांशी वागण्या-बोलण्यात सरस ठरतात, आणि त्यांचं काम त्यामुळे खालावत नाही. शिकाऊ डॉक्टरांमध्येही हे दिसलं. ज्याला आपण कमी पडू असं वाटतं तो समोरच्याचं ऐकून घेतो.

पहिल्यांदा हाताखाली माणसं आलेल्याची शंका तर बहुतेक वेळा रास्तच असते. लिंडा हिल यांनी १९ नव्या व्यवस्थापकांना त्यांच्या पहिल्या वर्षभर न्याहाळलं आणि १९९२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. विक्री आणि मार्केटिंगमधली ही चमकदार माणसं. आता आपली सत्ता चालेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात आपण हाताखालच्यांवर, शेजारच्या विभागावर आणि वरच्यावर किती अवलंबून आहोत, हेच त्यांना कळत गेलं. आपल्याकडचा नवा टीम लीड बघा. शुक्रवारपर्यंत तो स्वतः कोड लिहीत होता. सोमवारी सहा जणांची जबाबदारी आली. ज्युनिअरचं काम मनासारखं झालं नाही की तो त्याला काही न बोलता रात्री अकराला लॅपटॉप उघडून स्वतःच दुरुस्त करतो. सकाळी ज्युनिअरला वाटतं आपलं बरोबर होतं. दोन महिन्यांत टीम शिकत नाही, लीड थकतो, आणि ‘आपण मॅनेजर मटेरियल नाही’ या निष्कर्षाला येतो. त्याच्या अंगात नेतृत्व नाही असं कुणी सिद्ध केलेलं नसतं. काम सांगायचं कसं, चूक दाखवायची कशी, नाही म्हणायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

लॉरेन्स पीटर यांनी १९६९ साली थट्टेत मांडलेला नियम, की माणूस आपल्या अकार्यक्षमतेच्या पायरीपर्यंत चढत जातो, २०१९ साली आकड्यांनी तपासला गेला. ऍलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू यांनी अमेरिकेतल्या शंभराहून अधिक कंपन्यांच्या विक्रेत्यांची माहिती चाळली. सर्वाधिक विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, आणि बढतीआधी ज्यांची विक्री जास्त त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी मात्र तुलनेने खालावली. म्हणजे ज्याला शंका यायला हवी त्याला कंपनी बक्षीस म्हणून खुर्ची देते, आणि मग शंका आलीच तर समुपदेशनाला पाठवते.

आपल्या सरकारी व्यवस्थेने नकळत एक वेगळी शाळा काढली आहे, ती ‘प्रभारी’ पदाची. जागा रिकामी असते, ज्येष्ठ शिक्षक प्रभारी मुख्याध्यापक होतो, शिक्क्यात नावाखाली तो शब्द येतो. पोषण आहाराचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक, केंद्रप्रमुखांचे फोन, पालकांची भांडणं, सगळं तो सांभाळतो. बांदुरांच्या पहिल्या झऱ्याला यापेक्षा चांगली सोय कुठे असेल? फक्त ठरावीक मुदत, हाताशी एखादा जाणता, आणि शेवटी ‘तुम्ही हे करून दाखवलंत’ अशी लेखी नोंद हवी. ही तिन्ही नसली की प्रभारीपण वर्षानुवर्षं लांबतं, जबाबदारी पूर्ण आणि अधिकार तात्पुरता राहतो, आणि बारा महिने शाळा चालवलेल्या बाई कायमच्या पदाची वेळ आली की ‘नको’ म्हणतात. त्यांना अनुभव मिळाला, पण तो बढतीच्या कागदावर कुणी धरला नाही.

बांदुरांचा दुसरा झरा, म्हणजे आपल्यासारख्याला करताना पाहणं, याचा जगातला बहुधा सर्वात मोठा प्रयोग भारतात चालू आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना राखीव झाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या. सुरुवातीला थट्टाच झाली. सही तिची, कारभार नवऱ्याचा, असे ‘सरपंचपती’ अजूनही गावोगाव भेटतात. पश्चिम बंगालच्या बिरभूम जिल्ह्यात लोरी बीमन, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ४९५ गावं अभ्यासली. कोणत्या गावात आरक्षण येणार हे तिथे चिठ्ठीसारखंच ठरत असल्याने तुलना चोख होती. पहिल्यांदा बाई प्रधान, म्हणजे तिथली सरपंच, झाली तेव्हा काम बरोबरीचं असूनही गावकऱ्यांनी तिला कमी गुण दिले. दुसऱ्यांदा बाई आली तेव्हा हा आकस जवळजवळ नाहीसा झाला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार दोनदा आरक्षण आलेल्या गावांत मुलगा आणि मुलगी यांच्याविषयीच्या आई-बापांच्या आकांक्षांतली दरी लक्षणीयरीत्या कमी झाली, आणि खुद्द किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांतली ३२ टक्क्यांनी. मुलींसाठी नव्या नोकऱ्या आल्या नव्हत्या. त्यांनी फक्त खुर्चीत बसलेली बाई पुरेसा काळ पाहिली होती.

यातला ‘दुसऱ्यांदा’ हा तपशील धोरण ठरवणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. आपल्याकडे सरपंचपदाचं आरक्षण फिरतं असतं. पहिली दोन वर्षं ग्रामसेवकाने पुढे केलेल्या कागदावर सही करणारी बाई तिसऱ्या वर्षी तो कागद वाचायला मागते, चौथ्या वर्षी ग्रामसभेत त्यावर प्रश्न विचारते, आणि पाचव्या वर्षाअखेर जागा सर्वसाधारण होते. पॅनेल जमवणाऱ्या मंडळींच्या लेखी सर्वसाधारण म्हणजे पुरुषाची. कायद्याने तिला उभं राहायला कुणी अडवलेलं नसतं. फक्त तिच्या दारात उमेदवारी विचारायला या खेपेला कुणी येत नाही, आणि ती स्वतःहून मागायला गेली तर ‘झालं की एकदा’ असं ऐकावं लागतं. सरपंचांच्या प्रशिक्षणावर होणारा खर्च निवडून आलेल्यांवर होतो. त्यातला थोडा पाच वर्षं काढून बाहेर पडलेल्या या बायकांवर, त्यांना पुढच्या निवडणुकीत खुल्या जागेवरून उभं करण्यावर झाला, तर राज्याला नवे नेते शोधत फिरावं लागणार नाही. ते तयार होऊन घरी बसलेले आहेत.